अनुदान मागण्यापूर्वी

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांत चेन्नईहून आलेले एका भगिनींचे पत्र होते. त्या वेळचेरी भागात राहतात. त्यांच्या गल्लीतील काही मराठी आणि काही तमिळ गृहिणींनी मिळून घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी सायंकाळची अभ्यासिका चालविली आहे. जागा एका भगिनीच्या घराच्या तळमजल्यावरील खोलीची, शिकविणाऱ्या त्यांच्या त्याच, आणि पुस्तके घरोघरची जुनी. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस झाला तेव्हा खोलीत पाणी शिरले आणि पुस्तकांचा लगदा झाला. पुढे त्यांनी पुस्तके पुन्हा गोळा केली, परंतु आता भिंतीवर उंच बसविलेल्या फळ्या हव्यात, बाके हवीत, आणि एखाद्या शिक्षिकेस थोडेबहुत मानधन देता आले तर वरच्या वर्गांचे गणित शिकविता येईल.

यापुढचा मजकूर मी त्यांच्याच भावनेने सांगते. अनुदानासाठी अर्ज करावा असे मंडळातील निम्म्या जणींना वाटते. उरलेल्या म्हणतात, सरकारी पैसा आला की कागद आले, कागद आले की चौकश्या आल्या, आणि एके दिवशी आपले मंडळ आपले राहणार नाही. विशेषतः एका ज्येष्ठ भगिनीने निक्षून सांगितले आहे की, अर्ज केलात तर मी येणार नाही. खोली त्यांचीच आहे. पत्राच्या शेवटी प्रश्न असा आहे : "ताई, अनुदान घ्यावे की नाही, आणि घेतले तर मंडळ आमचे राहील का?"

हा प्रश्न एकट्या वेळचेरीचा नाही. नागपूरची महिला मंडळे, सांगलीची वाचनालये, बेळगावची भजनी मंडळे, सर्वांनाच तो कधी ना कधी पडतो. म्हणून त्याचे उत्तर या सदरातूनच द्यावे असे ठरविले. योगायोग असा की, या विषयाचा आपल्या देशातील सर्वांत बोधप्रद धडा त्यांच्याच शहरात घडला आहे.

तिकीट विचारणारी मुलगी

दुर्गाबाई देशमुख हे नाव ऐकले म्हणजे पुष्कळांना त्या महाराष्ट्रकन्या वाटतात. वस्तुतः त्यांचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. देशमुख हे आडनाव त्यांना १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी झालेल्या विवाहाने मिळाले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, आणि विवाहसमयी देशाचे अर्थमंत्री होते.

दुर्गाबाईंच्या बालपणीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९२३ साली काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथील खादी प्रदर्शनाच्या दाराशी ही चौदा वर्षांची मुलगी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकिटावाचून कोणास आत सोडू नये, अशी तिला आज्ञा होती. पंडित जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. मुलीने त्यांना अडविले. चालक धावत आले, रागावले. पण तिकीट विकत घेतल्यावरच तिने नेहरूंना आत जाऊ दिले. नेहरूंनी तिच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुकच केले.

ही गोष्ट मी मुलांच्या पाठ्यपुस्तकातील बोधकथेसारखी सांगत नाही. सार्वजनिक पैशाच्या दाराशी कसे उभे राहावे याचा त्यात संपूर्ण धडा आहे. ज्याचे नाव मोठे त्यालाही तिकीट लागते, आणि जे काम चांगले त्यालाही पावती लागते.

पुढे दुर्गाबाई मद्रासेस आल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, आणि सुटल्यानंतर पुन्हा शिकू लागल्या. १९३७ साली त्यांनी मद्रासमध्ये आंध्र महिला सभा स्थापन केली. आरंभी ती मुलींची लहानशी मंडळी होती. ज्या स्त्रियांची शाळा लवकर लग्नामुळे वा वैधव्यामुळे सुटली होती, त्यांना शिकवून बनारसच्या मॅट्रिक परीक्षेस बसविण्याचे काम तेथे चाले. त्यासाठी वर्गणी होती, देणग्या होत्या, आणि दारोदार फिरणाऱ्या स्त्रिया होत्या. सरकारी अनुदानाचा आधार घेऊन ही संस्था जन्मास आली नव्हती. आज अड्यार भागात सभेचे रुग्णालय आहे आणि जवळच्या रस्त्यास दुर्गाबाईंचे नाव आहे.

स्वतंत्र भारतात त्या नियोजन आयोगाच्या सदस्या झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी ४ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि ती वाटण्यासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा. पैसा सरकारचा, परंतु तो कोणास द्यावा हे सुचविण्यात समाजकार्य केलेल्या बिनसरकारी व्यक्तींचा मोठा वाटा, अशी त्या मंडळाची रचना होती. १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी अल्पावधीचे शिक्षणवर्ग देशभर सुरू झाले, त्यांच्या मुळाशी मद्रासमधील त्या लहान वर्गांचाच अनुभव होता.

म्हणजे क्रम कसा झाला, हे ध्यानात घ्यावे. आधी काम उभे राहिले. त्या कामातून अनुभव आला. अनुभवातून अनुदानाची योजना आखली गेली. आपण बहुधा हा क्रम उलटा करू पाहतो. योजना कोणती आहे ते पाहून काम ठरवितो. अशी कामे अनुदानाचा शेवटचा हप्ता संपला की तेथेच संपतात.

"नाही" म्हटल्यानंतर

त्याच शहरातील दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी भारतीय महिला संघाच्या वतीने कर्करोग्यांसाठी रुग्णालय काढावयाचे ठरविले, तेव्हा आरंभी सरकार दरबारी त्यांना नकार मिळाला. कर्करोगाने माणूस मरावयाचाच, मग त्यासाठी वेगळे रुग्णालय कशाला, असा त्या काळचा समज होता. संघाने निधी गोळा केला. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि १९५४ च्या जूनमध्ये अवघ्या १२ खाटांनिशी अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती देशातील नामांकित संस्थांपैकी एक आहे, आणि महिला संघाची आद्याक्षरे तिच्या नावात अद्याप जोडलेली आहेत. पुढे शासनाचे साहाय्य तिला मिळाले. परंतु ते काम दिसू लागल्यानंतर मिळाले.

आपल्या मराठी मंडळींनीही त्या शहरात हे केलेले आहे. तंजावरच्या राजवटीबरोबर दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांनी १९१२ साली मद्रासेत महरट्टा एज्युकेशन फंड काढला. गरजू विद्यार्थ्यांना मदत करावी हा त्याचा हेतू. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या अशा निधीचे मूळ कोणत्याही शासकीय योजनेत नाही. एकमेकांच्या मुलांची काळजी करणाऱ्या कुटुंबांच्या वर्गणीत आहे.

यावरून अनुदान घेऊ नये, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. कर हा आपणच भरलेला पैसा आहे, आणि आपल्या गल्लीच्या कामासाठी तो मागण्यात लाज कसली? मात्र मागण्यापूर्वी कोणत्या दाराशी काय मिळते, हे नीट माहीत असावे.

कोणते दार कशासाठी

पहिले दार आपल्याच घराचे. चेन्नईत १९८९ मध्ये सुरू झालेल्या एक्स्नोरा चळवळीने हे फार चांगले दाखविले. गल्लीतील कुटुंबांनी दरमहा ठरावीक वर्गणी काढावयाची, त्यातून कचरा गोळा करणाऱ्या माणसास वेतन आणि तीनचाकी गाडी द्यावयाची, अशी तिची रीत होती. वर्गणीची रक्कम लहान असते, पण ती दर महिन्यास येते. शिक्षिकेचे मानधन, विजेचे बिल, खडू आणि वह्या यांसारखा नित्य खर्च वर्गणीवरच चालवावा. तो अनुदानावर सोडला तर हप्ता लांबला की वर्ग बंद पडतो.

दुसरे दार लोकसहभागाच्या शासकीय योजनांचे. तमिळनाडूत अशी योजना आहे. तिचे नाव 'नमक्कु नामे', म्हणजे आपल्यासाठी आपणच. १९९७ च्या सुमारास ती आली, पुढे नाव बदलून चालली, आणि २०२१ मध्ये जुन्या नावाने पुन्हा सुरू झाली. तिचे तत्त्व असे की, सार्वजनिक उपयोगाच्या कामाच्या अंदाजपत्रकापैकी साधारणतः किमान एकतृतीयांश वाटा लोकांनी उचलावा, उरलेला शासन घालील. शाळेची खोली, तळ्याची दुरुस्ती, उद्यान अशी कामे यांत येतात. खाजगी घराच्या तळमजल्यास मात्र असा पैसा मिळावयाचा नाही, कारण सरकारी पैशातून उभे राहिलेले काम सर्वांच्या मालकीचे असावे लागते.

तिसरे दार लोकप्रतिनिधींच्या निधीचे. खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना १९९३ साली सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदारास वर्षाकाठी ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचविता येतात. या शब्दाकडे लक्ष द्यावे. खासदार काम सुचवितात, पैसा त्यांच्या हातून मिळत नाही. काम मंजूर करणे आणि करवून घेणे जिल्हा प्रशासनाकडे असते. हा निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. वेतन, मानधन वा समारंभ यांसाठी नसतो. आमदारांच्या निधीचेही स्वरूप बहुतांशी असेच. म्हणून नमस्कार-चमत्कार करून हात हलवीत परत येण्यापेक्षा जागा कोणाच्या मालकीची, खर्च किती आणि लाभ कोणास, हे तीन मुद्दे एका कागदावर लिहून न्यावेत.

चौथे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले आहे की, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के त्यांनी सामाजिक कार्यासाठी खर्च करावेत. २०१४ च्या एप्रिलपासून हे लागू आहे. चेन्नईभोवती मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने पुष्कळ आहेत, त्यामुळे हा मार्ग मोहक वाटतो. परंतु कंपनीस हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्चावयाचा असेल, तर ती संस्था नोंदणीकृत हवी, आयकर खात्याची नोंदणी तिच्याजवळ हवी, आणि तिच्या कामास किमान तीन वर्षे झालेली हवीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही तिची नोंद असावी लागते. नुकत्याच जन्मलेल्या मंडळाने या दाराशी ताटकळण्यापेक्षा अशा एखाद्या जुन्या संस्थेचा हात धरून काम करावे.

पाचवे दार बँकेचे. ते अनुदानाचे नसून कर्जाचे आहे, तरी त्याचा विसर पडू नये. चेन्नईत १९७८ साली जया अरुणाचलम यांनी वर्किंग विमेन्स फोरम ही संघटना काढली आणि भाजी, फुले, मासे विकणाऱ्या बायकांना एकमेकींच्या जामिनावर लहान कर्जे मिळवून दिली. तमिळनाडूतच धर्मपुरी जिल्ह्यात १९८९ पासून महिला बचत गटांचे काम सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पसरले. ज्या कामातून कमाई होते, उदाहरणार्थ पापड, शिवणकाम, खाणावळ, त्यासाठी कर्जाचा मार्ग अधिक स्वाभिमानाचा. ज्या कामातून कमाई व्हावयाची नाही, उदाहरणार्थ मुलांची अभ्यासिका, त्यासाठी कर्ज काढू नये.

आणखी एक सूचना, कारण ही चूक पुष्कळ घरांतून भाबडेपणाने होते. कोणाचा मुलगा परदेशी असतो आणि तो मंडळास पैसे पाठवू म्हणतो. त्याने भारताचे नागरिकत्व ठेवले असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठविली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती विदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर तो आपला मुलगा असला तरी त्याची देणगी विदेशी देणगी होय, आणि केंद्र सरकारच्या संमतीवाचून मंडळाने ती घेऊ नये. प्रेमाने दिलेल्या शंभर डॉलरांपायी संस्था अडचणीत येऊ शकते.

दप्तर हीच पत

आता कागदांविषयी. तमिळनाडूत १९७५ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात व्यक्ती मिळून संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा असे दोन्ही पाहावे लागतात. नोंदणीबरोबर घटना लिहावी लागते. सभासद कोण, सभा केव्हा, पैसे कोणाच्या सहीने निघतील, आणि मंडळ मोडल्यास शिल्लक कोणास जाईल, हे तीत स्पष्ट असावे. बँकेतील खाते मंडळाच्या नावे आणि दोघींच्या सहीचे असावे. अध्यक्षांच्या घरच्या खात्यात मंडळाचे पैसे कदापि ठेवू नयेत.

त्यानंतर वह्या. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक, सभांचे इतिवृत्त, आणि कपाट, बाक, पंखा अशा वस्तूंची जडसंग्रह नोंदवही. या पाच वह्या ज्या मंडळाकडे नीट आहेत, त्या मंडळाचा अर्ज अर्धा मंजूर झाल्यासारखाच समजावा. केंद्र सरकारचे अनुदान मिळाल्यास ते वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत विनियोगाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे पैसा ज्यासाठी दिला त्याचसाठी वापरला असे लेखी सांगावे लागते. ते न दिल्यास पुढचा हप्ता अडतो.

"ज्यासाठी दिला त्याचसाठी" या शब्दांची किंमत मी स्वतः मोजली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या मंडळात काम करीत असे, त्यास सहा शिवणयंत्रे घेण्यासाठी अनुदान मिळाले. आम्ही घासाघीस करून पाच यंत्रे घेतली आणि उरलेल्या पैशात कापड कापावयाचे मोठे मेज व दोन दिवे घेतले. मुली अंधारात शिवत होत्या, म्हणून आम्हांस ते अगदी योग्य वाटले. एक पैही कोणी खाल्ली नव्हती. पण तपासणीस आलेल्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "सहावे यंत्र कोठे आहे?" मेज दाखवून भागले नाही. सहाव्या यंत्राची रक्कम आम्हांस परत करावी लागली, आणि ती आम्ही दिवाळीत चिवडा-लाडू विकून उभी केली. त्या वेळी मला फार राग आला होता. आज वाटते, ते गृहस्थ काकिनाड्याच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीसारखेच वागले. आम्ही खरेदीपूर्वी दोन ओळींचे पत्र लिहून बदलास मान्यता मागितली असती, तर ती कदाचित मिळालीही असती. आम्ही लिहिलेच नाही, ही चूक आमची.

पत्राचे उत्तर

आता वेळचेरीच्या भगिनींस.

आपण विचारता की, अनुदान घेतल्यावर मंडळ आमचे राहील का. ज्या दिवशी मंडळाचा रोजचा श्वास अनुदानावर चालू लागेल, त्या दिवशी ते आपले राहणार नाही. याचा पुरावा दुर्गाबाईंच्या मंडळानेच दिला आहे. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने अनेक दशके असंख्य संस्थांना हात दिला, आणि अलीकडच्या वर्षांत केंद्र सरकारने ते मंडळच बंद केले. देणारे बदलतात, धोरणे बदलतात, योजनांची नावेही बदलतात. आंध्र महिला सभा मात्र चालू आहे, कारण ती त्या मंडळाच्या सोळा वर्षे आधीपासून स्वतःच्या पायांवर उभी होती.

म्हणून माझा सल्ला असा आहे. या वर्षी अर्ज करू नये. प्रथम दरमहा वर्गणी ठरवावी. ज्यांची मुले अभ्यासिकेत येतात त्या मातांचीही वर्गणी असावी, मग ती दहा रुपये का असेना. त्यांना ती जड जाईल असे म्हणून त्यांना वगळू नये. वर्गणी देणारी बाई सभेत बोलते. फुकट घेणारी बाई दाराशी उभी राहते. त्या वर्गणीतून गणिताच्या शिक्षिकेस आठवड्यातून दोन दिवसांचे मानधन देता येते का, ते पाहावे. भिंतीवरच्या फळ्यांसाठी एकदाच देणगी गोळा करावी आणि प्रत्येकास पावती द्यावी.

याच वर्षात सातजणींनी संस्था नोंदवावी, वह्या सुरू कराव्यात, आणि वर्षाअखेर सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावेत. दुसऱ्या वर्षी जवळच्या महापालिकेच्या शाळेत वा समाजमंदिरात सायंकाळी एक खोली मिळते का, याची विचारणा करावी. खोली सार्वजनिक झाली की बाके, कपाटे, दुरुस्ती यांसाठी लोकसहभागाच्या योजनेकडे आणि लोकप्रतिनिधींकडे जाण्यास मार्ग मोकळा होतो. तिसरे वर्ष पूर्ण झाले की कंपन्यांचे दारही उघडेल. तोवर आपल्याजवळ तीन वर्षांचे ताळेबंद असतील, आणि किती मुले दहावीस बसली हे सांगणारी हजेरीपटाची वही असेल. मागणी मोठी असली तरी तिच्यामागे काम दिसले पाहिजे.

आता त्या ज्येष्ठ भगिनींविषयी, ज्यांनी येणार नाही असे सांगितले आहे. त्यांच्याशी वाद घालू नये, आणि त्यांना डावलून तर मुळीच पुढे जाऊ नये. खोली त्यांची आहे, हे त्याचे कारण नव्हे. कागद आणि चौकश्या यांची भीती ज्यांना वाटते, त्यांना सार्वजनिक पैशाचे ओझे कळलेले असते. ज्यांना भीती वाटत नाही, त्यांनी सहाव्या यंत्राऐवजी मेज आणलेले असते. माझे ऐकाल तर सर्वजणींनी मिळून त्यांच्याकडे जावे, हळदीकुंकवास जातो तसे सन्मानाने जावे, आणि त्यांनाच कोषाध्यक्ष होण्याची विनंती करावी. किल्ली त्यांच्याकडे, पावतीपुस्तक त्यांच्याकडे, आणि त्यांच्या सहीवाचून एक रुपयाही निघू नये, असा ठराव पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहावा. त्या कदाचित तरीही नकार देतील. पण आपण त्यांच्या भीतीस हट्ट न म्हणता गुण मानले, हे त्यांच्या ध्यानात राहील.

आणि त्यांनी होकार दिला, तर पहिली पावती कोणाच्या नावे फाडावयाची, हेही सांगून ठेवते. या पत्रासोबत मी माझी वर्गणी मनिऑर्डरने पाठवीत नाही, कारण आपले मंडळ अद्याप नोंदलेले नाही आणि आपले खातेही नाही. नोंदणी झाली, दोघींच्या सहीचे खाते उघडले, म्हणजे कळवावे. पावती मिळाल्यावाचून मात्र मी पैसे दिले असे समजणार नाही.

पुढील अंकी या सदरात मंडळाची घटना कशी लिहावी, याचा एक साधा नमुना देण्याचा विचार आहे. ज्या वाचक भगिनींच्या मंडळांची घटना तयार आहे, त्यांनी तीतील अडचणीचे कलम कोणते ठरले, ते अवश्य कळवावे. एकीची अडचण दुसरीची सोय होते.